फुटलेला गेम आणि उतरवून घेतलेली वही



रामवाडी आणि आसपासच्या गटांच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की बोलणं हमखास मुलांच्या मोबाइलवर येतं. कुणाचा नातू जेवताना गेम सोडत नाही, कुणाच्या मुलाने बापाच्या खात्यातून पैसे भरून गेममधली बंदूक विकत घेतली. अलीकडे या बोलण्यात एक नवीन शब्द आला आहे. गेम ‘लीक’ झाला. म्हणजे दहावीचा पेपर फुटतो तसा गेम फुटला. कंपनीने अजून बाजारात आणला नाही, पण पोरांच्या मोबाइलवर त्याची चित्रं आली.

यावर एका ताईंनी विचारलं, ‘‘कंपनीकडे काय पैशाला तोटा आहे? चार पोरांनी दोन महिने आधी बघितलं तर कुणाचं काय गेलं?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आम्ही बसलो, तेव्हा कळलं की या गोष्टीचा इतिहास परदेशातच घडलेला नाही, त्याचं एक मोठं पान मुंबईत लिहिलं गेलं आहे.

आधी ‘सोर्स कोड’ म्हणजे काय ते बघू. आपल्या पेणचे पोह्याचे पापड घ्या. दुकानात मिळतो तो पापड. पण पोह्याच्या पिठाला पापडखार किती, हिंग किती, तिखट किती, पीठ किती वेळ कुटायचं, हे सगळं ज्या वहीत लिहिलेलं असतं ती वही म्हणजे सोर्स कोड. पापड खाऊन तुम्ही अंदाज बांधू शकता, पण वही हाती लागली तर अंदाजाची गरजच राहत नाही. गेम असो, बँकेचं ॲप असो की तिकिटाचं मशीन, त्याच्या मागे अशी हजारो पानांची वही असते आणि ती लिहायला शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबलेली असतात.

आता मुंबईची गोष्ट. विक्रोळीला जिओमेट्रिक सॉफ्टवेअर सोल्युशन्स नावाची कंपनी होती. अमेरिकेतल्या सॉलिडवर्क्स या कंपनीचं, यंत्रांचे भाग संगणकावर आखायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करायचं काम जिओमेट्रिककडे आलं होतं. चुका दुरुस्त करायच्या तर वही हातात द्यावी लागतेच, तशी ती दिली गेली. त्या कामावरचा एक इंजिनिअर नोकरी सोडताना त्या वहीची नक्कल सोबत घेऊन गेला. पुढे त्याने सॉलिडवर्क्सच्या स्पर्धक कंपन्यांना ईमेल पाठवून विचारलं, विकत घेता का? स्पर्धक असूनही त्यांच्यातून ही बातमी अमेरिकेच्या तपास यंत्रणेपर्यंत पोचली. मग अमेरिकेची एफबीआय आणि आपली सीबीआय यांनी मिळून सापळा लावला. ऑगस्ट 2002 मध्ये दिल्लीच्या अशोका हॉटेलात, गिऱ्हाईक भेटायला आलं आहे अशा समजुतीत तो आला आणि पकडला गेला.

खरी अडचण पकडल्यानंतर सुरू झाली. आपल्या जुन्या कायद्यात चोरी म्हणजे काय, तर एखादी वस्तू धन्याच्या ताब्यातून हलवणं. कोंबडी चोरली तर खुराडं रिकामं दिसतं. पण वही नुसती उतरवून घेतली तर मूळ वही जागच्या जागीच असते! काय गेलं म्हणून दाखवायचं? त्यात ती वही जिओमेट्रिकचीही नव्हती, अमेरिकेच्या कंपनीची होती. धंद्याचं गुपित चोरण्याविरुद्ध वेगळा कायदा आपल्याकडे तेव्हा नव्हता. आजही नाही. मार्च 2024 मध्ये विधी आयोगाने आपल्या 289 व्या अहवालात असा कायदा करावा म्हणून मसुदा सुचवला, एवढीच प्रगती.

मधल्या काळात काहीच झालं नाही असं मात्र नाही. 1984 च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ म्हणून घातला गेला होता. कादंबरी आणि सोर्स कोड एका ओळीत, ऐकायला गंमत वाटते, पण दोन्ही कुणीतरी बसून लिहिलेलंच असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. त्याची मोठी दुरुस्ती ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली आणि त्यात नुकसान करण्याच्या हेतूने सोर्स कोड चोरणं, लपवणं, बदलणं हे स्पष्ट शब्दांत आलं. लबाडीने केलेलं असेल तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्हाला या सगळ्यात विचार करण्यासारखी वाटली ती वेगळीच बाब. ऐरोली, महापे, हिंजवडी इथल्या कंपन्यांत आपल्या रायगडची किती मुलं-मुली जातात! ती सारी कामं विश्वासावर येतात. परदेशातला माणूस आपली वही हजारो मैलांवरच्या मुलीच्या हातात देतो आणि त्या मुलीला त्यातून पगार मिळतो. एका माणसाने वही विकायला काढली की संशय मात्र सगळ्यांवर येतो. कंपनीचा मालक नुकसान सोसून उभा राहतो. संशयाने काम गेलं तर तिच्या घरचा हप्ता कोण भरणार?

गेमच्या जगातली एक मोठी चोरी पुढच्याच वर्षी झाली. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ 2’ हा गेम सप्टेंबर 2003 अखेर येणार असं जाहीर झालं होतं. तो आला नाही आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचा सोर्स कोडच इंटरनेटवर पसरला. जर्मनीतला एक विशीचा मुलगा कंपनीच्या संगणकात शिरला होता. त्याचं म्हणणं, मी गेमचा वेडा, मला फक्त बघायचं होतं, पसरवलं दुसऱ्या कुणीतरी. पुढे त्यानेच कंपनीच्या प्रमुखाला कबुलीचा ईमेल पाठवला. कंपनीने नोकरीच्या मुलाखतीचं आमिष दाखवून त्याला अमेरिकेत बोलवायचा घाट घातला, पण त्याआधीच जर्मन पोलिसांनी त्याला उचललं. 2006 मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, पण चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर त्याला तुरुंगाबाहेर राहू दिलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या चोरीमुळे हेही उघडं पडलं की गेम सांगितलेल्या तारखेला तयार होण्याच्या जवळपासही नव्हता. तो आला नोव्हेंबर 2004 मध्ये. म्हणजे कंपनीनेही गिऱ्हाइकाला पुरतं खरं सांगितलं नव्हतं. म्हणून चोरी बरोबर ठरते का? आम्हाला वाटत नाही. पण कंपनी सगळी धुतल्या तांदळासारखी, असंही कुणी सांगू नये.

अर्धवट काम जगासमोर आलं की काय होतं ते 2022 च्या सप्टेंबरात दिसलं. रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 6’ या गेमचे जवळपास 90 व्हिडिओ फुटले. पोरंसोरं ते बघून हसली, म्हणाली, ही काय चित्रं, ही काय घरं! तेव्हा आम्हाला आपल्या पेणचे, हमरापूरचे, जोह्याचे गणपतीचे कारखाने आठवले. साच्यातून निघालेली मूर्ती पांढरीफटक असते. सांध्यावरच्या रेषा दिसतात, डोळ्यांची आखणी तर सगळ्यात शेवटी होते. आषाढात कुणी कारखान्यात घुसून बिनडोळ्यांच्या मूर्तीचा फोटो काढला आणि ‘बघा पेणची मूर्ती’ म्हणून फिरवला, तर मूर्ती घासायला आणि रंगवायला बसलेल्या बाईला काय वाटेल? त्या वेळी दुसऱ्या कंपन्यांतल्या गेम बनवणाऱ्यांनी एक छान केलं. आपापल्या नावाजलेल्या गेमची सुरुवातीची ओबडधोबड चित्रं त्यांनी आपणहून लोकांसमोर ठेवली. आमचंही आधी असंच दिसत होतं, हे दाखवायला.

ते व्हिडिओ फोडणारा इंग्लंडमधला 17 वर्षांचा मुलगा होता. आधीच्या अशाच गुन्ह्यात तो जामिनावर होता, पोलिसांनी त्याला हॉटेलात ठेवलं होतं, लॅपटॉप काढून घेतला होता. त्याने खोलीतला टीव्ही, त्याला लावायची एक कांडी आणि मोबाइल एवढ्यावर काम साधलं. तो स्वमग्न आहे. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्याला बेमुदत सुरक्षित रुग्णालयात ठेवायचा आदेश दिला. कंपनीने न्यायालयात सांगितलं की सावरायला 50 लाख डॉलर आणि कामगारांचे हजारो तास गेले. ही बातमी वाचताना आम्हाला कंपनीचं वाईट वाटलं, त्यापेक्षा त्या पोराच्या आईचं जास्त वाटलं.

त्याच डिसेंबरात इन्सोम्नियाक नावाच्या गेम कंपनीवर खंडणीवाले तुटून पडले. कंपनीने पैसे दिले नाहीत, तेव्हा त्यांनी 13 लाखांवर फायली उघड्यावर टाकल्या. त्यात यायच्या गेमचं काम होतं, तसे कामगारांच्या पासपोर्टचे फोटोही होते. ‘कुणाचं काय गेलं’ या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथे मिळालं. आपल्या गटातल्या सगळ्यांचं आधार, पासबुक, कर्जाची थकबाकी कुणी चव्हाट्यावर टाकली तर? बँकेचं काही बिघडणार नाही, बिघडेल ते आपलं.

चोर दरवेळी बाहेरून येतो असंही नाही. ऑगस्ट 2017 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या परदेशी मालिकेचा एक भाग दाखवायच्या आधीच फुटला. त्याच्यावर शिक्का होता स्टार इंडियाचा, आणि ‘फक्त आतल्या वापरासाठी’ अशी सूचना. मालिकेचं साठवणीचं, प्रक्रियेचं काम मुंबईच्या प्राइम फोकस टेक्नॉलॉजीज कंपनीकडे होतं. तिच्याच तक्रारीवरून पोलिसांनी चौघांना अटक केली. ते तिथलेच आजी-माजी कर्मचारी होते.

आणि बघणाऱ्याचं काय? 2016 मध्ये ‘सैराट’ थिएटरात गर्दी खेचत असताना त्याची चोरटी प्रत गावोगाव मोबाइलवर फिरत होती, हे कुणी नाकारणार नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, मी कुठे चोरलं, मला तर आलं म्हणून पुढे ढकललं. पण प्रोग्रॅमच्या बाबतीत कायदा वापरणाऱ्यालाही धरतो. चोरटी प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या 63 ब कलमात किमान 7 दिवसांची कैद आणि 50 हजारांचा दंड लिहिलेला आहे. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद टाळून नुसता दंडही करू शकतं. याशिवाय फुटलेला गेम म्हणून आलेल्या फायलीतून मोबाइलमध्ये काय शिरेल याचा नेम नाही, आणि त्याच मोबाइलवर आपलं बँकेचं खातं असतं.

इतकं बोलल्यावर बैठकीत उलटा प्रश्न आला, तो फार मोलाचा होता. मग आतली कुठलीच गोष्ट बाहेर सांगायची नाही का? पेणमध्ये राहून याचं उत्तर ‘नाही’ असं कोण देईल! 2010 मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि बोगस कर्जखात्यांचा शेकडो कोटींचा घोटाळा बाहेर आला. दीड लाखाहून जास्त ठेवीदार अडकले. भाजी विकून, मासळी विकून साठवलेले पैसे होते ते. त्या खोट्या खात्यांची वही आतल्या कुणी वेळेवर योग्य ठिकाणी नेऊन दाखवली असती तर त्याला आपण चोर म्हटलं असतं का? आपण त्याची ओटी भरली असती.

फरक इथे आहे. पापडाच्या वहीत कष्ट लपलेले असतात, बोगस खात्यांच्या वहीत पाप लपलेलं असतं. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातही हा विचार आहे. धंद्याचं गुपित देऊ नये असं त्याचं कलम 8 सांगतं, पण जनतेचं मोठं हित असेल तर ते द्यावं असंही तेच कलम सांगतं. गेम आधी बघायची हौस हे जनतेचं हित नव्हे. गेम बनवणाऱ्यांना पगार न देता रात्र रात्र राबवलं जात असेल आणि त्याचा कागद कुणी कामगार आयुक्तांकडे नेला, तर ती बाब वेगळी.

ज्यांच्या मुली यंदा नवी मुंबईत कामाला लागल्या आहेत त्यांनी एक करावं. रुजू होताना कंपनी गुप्ततेच्या कागदावर सही घेते. तो कागद इंग्रजीत असतो आणि घाईत पुढे केला जातो. त्याची एक प्रत मागून घ्यायला सांगा, नाही समजलं तर बैठकीला घेऊन या, आपण मिळून वाचू. आणि पोह्याच्या पापडांच्या गटाने आपल्या वहीचं काय करायचं ते ठरवलं आहे. वही कपाटात राहील, किल्ल्या दोघींकडे, आणि गट सोडणाऱ्या बाईला तिच्या वाट्याचे पैसे त्याच महिन्यात मिळतील. शेवटची अट गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी घालायला लावली.