जादूगाराचे जनावर, जंगलाचा वाघ

मोहर्ली म्हणजे ताडोबाच्या जंगलाचे दार. 1955 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि दूरदूरचे लोक वाघ पाहायला येऊ लागले. पण हे नाव त्याहून जुने आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला आणि त्याचाच देव झाला, अशी आख्यायिका आहे. तळ्याच्या काठी त्याचे ठाणे आहे व पौषात तेथे जत्रा भरते. चंद्रपूरचीही अशीच एक कथा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे ससा धावला आणि त्या धावेच्या वाटेवर राजाने राणीच्या सल्ल्याने शहराचा कोट बांधला, असे सांगतात.

या दोन्ही कथांत जनावर माणसाचे चाकर नाही. वाघ कोणाच्या हुकमाने येत नाही, ससा कोणाच्या मंत्राने धावत नाही.

जगात दुसरीही एक कल्पना फार जुनी आहे. जादूगाराजवळ एक जनावर असते आणि ते त्याचे डोळे, कान व हात बनते. आपल्याकडचे आमिल ज्याला ‘मुवक्किल’ म्हणतात, त्याचाच हा प्राणिरूप भाऊ. उर्दू वाचकाला ही दुनिया परकी नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून निघालेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त जादूचे पक्षी बातम्या आणतात. अमीर हमजाचा घोडा अश्कर हा तर देवजाद. मात्र हजरत सुलेमान (अ.) यांना सबाच्या राणीची खबर देणारा हुदहुद या रांगेत बसत नाही. तो जादूचा पक्षी नव्हता. सुलेमान (अ.) यांच्यावरील जादूचा आरोप कुरआनने स्वच्छ शब्दांत नाकारला आहे.

दास्तान ऐकून कोणाचा जीव जात नव्हता. इंग्लंडमध्ये मात्र हीच कल्पना न्यायालयात शिरली. 1566 साली चेम्सफर्ड येथे अ‍ॅग्नेस वॉटरहाऊस या म्हाताऱ्या विधवेवर खटला चालला. तिने मांजर पाळले आहे, त्याला ती आपले रक्त पाजते आणि ते शेजाऱ्यांची गुरे मारते, असा आरोप होता. बारा वर्षांच्या एका मुलीने साक्ष दिली की, माकडाच्या तोंडाचा काळा कुत्रा मला दिसला. वॉटरहाऊसला फाशी झाली. 1604 च्या कायद्याने दुष्ट आत्म्याला पोसणे, खाऊ घालणे हाच मोठा गुन्हा ठरवला. ज्या एकट्या बाईला मांजराखेरीज कोणी नव्हते, तिचे ते मांजरच तिच्याविरुद्धचा पुरावा झाले! हे कायदे 1735 साली रद्द झाले.

पुढे हे जनावर खेळात आले. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात, एकेक पात्र घेतात, फासे टाकतात आणि बोलत बोलत कथा रचतात. त्यातला जादूगार कोळसा, धूप व वनस्पती जाळून घुबड, मांजर, कावळा, बेडूक अशा रूपातला सोबती बोलावतो. 2014 च्या नियमांप्रमाणे शंभर फुटांच्या आत तो सोबत्याच्या डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, मनातल्या मनात त्याच्याशी बोलतो. स्पर्शाने लागणारा मंत्र सोबती त्याच्या वतीने पोचवतो, पण स्वतः हल्ला करू शकत नाही. सोबती मेला तर पुन्हा बोलावता येतो. ज्या आरोपाने बाई फासावर गेली, त्याचे येथे मोजमाप ठरले, मर्यादा ठरल्या आणि मुख्य म्हणजे तो टेबलावरच संपतो.

वाचकहो, प्रश्न आहे तो टेबल सोडून गावात आल्यावरचा. ऑगस्ट 2021 मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारले गेले. त्यांत वृद्ध होते, स्त्रिया होत्या. मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयाने दोघांचा जीव घेतला. चेम्सफर्ड आपल्यापासून साडेचारशे वर्षे दूर आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे पसरवून तिला छळणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. 1604 चा कायदा संशयिताला पकडत होता. 2013 चा कायदा संशय पसरवणाऱ्याला पकडतो. हा फरक मराठीतून, उर्दूतून, गोंडीतून मुलांपर्यंत गेला पाहिजे.

आम्हा शिक्षकांना दास्तानवर बंदी घालायची गरज नाही. मुलांनी होशरुबा वाचावी, फासे टाकून घुबडही बोलवावे. फक्त गाय आटली तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे, शेजारच्या म्हातारीकडे बोट दाखवू नये, एवढे त्यांना शाळेतच समजले पाहिजे.