पहिला पैसा: व्हेंचर सेंटरची वाटचाल

वारज्याहून महामार्गाने निघून चांदणी चौक ओलांडला की पाषाण येतं. तिथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. वारजे-शिवण्यात सुटे भाग घडवणारे हात आहेत, पाषाणला संशोधन आहे. रस्त्याने हे अंतर थोडंच. पण प्रयोगशाळेतल्या कल्पनेला विकाऊ वस्तू व्हायला वर्षं लागतात.

हाच टप्पा सोपा व्हावा म्हणून २००७ मध्ये प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर सुरू झालं. शास्त्रज्ञ डॉ. व्ही. प्रेमनाथ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही ना-नफा संस्था नव्या उद्योजकांना जागा, महागड्या उपकरणांचा वापर आणि सल्ला देते.

खरी अडचण पहिल्या पैशाची होती; करसवलतीने ती सुटत नव्हती. संशोधनावरच्या खर्चाच्या दुप्पट वजावट कंपन्यांना २०१७ पर्यंत आयकरात मिळत असे; पुढे ती दीडपट झाली आणि २०२० पासून प्रत्यक्ष खर्चाइतकीच उरली. पण वजावटीचा लाभ नफा कमावणाऱ्यालाच. ज्याची अजून विक्रीच नाही, त्याच्या पदरात काय पडणार?

२०१२ मध्ये केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञान उद्योगासाठी 'बायरॅक' ही संस्था स्थापन केली. तिच्या 'बिग' योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, तेही कंपनीत हिस्सा न मागता. व्हेंचर सेंटर या योजनेचं भागीदार झालं. नमुना घडवण्यासाठी 'प्रयास' योजनेतून १० लाखांपर्यंत मदतही इथे मिळू लागली. मूत्रमार्गाचा संसर्ग ओळखणारी छोटी पट्टी विकसित करणारी मॉड्यूल इनोव्हेशन्स याच अंगणात वाढली.

या वाटचालीतून काही गोष्टी पटतात. 'बिग'चे पैसे ठरलेलं काम पूर्ण होईल तसे हप्त्याहप्त्याने येतात, त्यामुळे शिस्त लागते. आणि प्रयोग फसला तरी घर गहाण पडत नाही, त्यामुळे धाडस होतं. पैसा, उपकरण आणि जाणत्याचा सल्ला एकाच छपराखाली मिळाले, तर अनुदान कामी येतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. तिचा भर दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जांवर आहे आणि तंत्रज्ञान सज्जतेच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीला पोचल्यावरच तिचं दार उघडतं. पहिल्या तीन पायऱ्या चढायला मात्र अनुदानच लागणार. तो पहिला पैसा आटू नये, एवढंच मागणं.