उद्योजकांचे मानसिक आरोग्य

उद्योजकांचे मानसिक आरोग्य ही संज्ञा उद्योग, व्यापार किंवा सहकारी संस्था यांचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तींचे मनःस्वास्थ्य आणि त्याची निगा यांसाठी वापरली जाते. अंतिम निर्णय, कर्जाची हमी आणि कामगारांचे वेतन या तिन्ही गोष्टींचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर येतो. चिंता बोलून दाखवली तर बाजारातील पत जाईल, या भीतीने ती दडवली जाते आणि त्यामुळे उपचारास उशीर होतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत शेती, सहकार आणि कारखानदारी एकत्र नांदत असल्याने ग्रामीण भागातील या प्रश्नाचे स्वरूप तेथे स्पष्टपणे पाहता येते.

स्वरूप

ताण, बर्नआउट आणि मानसिक आजार या भिन्न अवस्था आहेत. हंगामात वाढणारा व काम सरताच ओसरणारा ताण स्वाभाविक असतो. ‘बर्नआउट’ ही संकल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. कमालीचा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेतील घट ही तिची तीन अंगे होत. मात्र दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज उदासीनता राहणे, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, साधे निर्णयही न सुचणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात व त्यांसाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. चिडचिड किंवा वाढते मद्यपान हीदेखील त्याचीच खूण असू शकते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील परिस्थिती

बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी साखर कारखाने आहेत. बारामती व लोणी देवकर येथे औद्योगिक वसाहती असून दुग्धव्यवसाय, द्राक्ष व डाळिंब यांवर आधारित व्यापारही मोठा आहे. हा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. नीरा डावा कालवा व उजनी जलाशय यांच्या पाण्यावर ऊस अवलंबून असल्याने पावसाची चिंता शेतकऱ्याइतकीच कारखानदारालाही असते.

ताणाचे मूळ पुष्कळदा पैशाच्या चक्रात असते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे, परंतु तयार साखर वर्षभर टप्प्याटप्प्याने विकली जाते. सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाची अडचण उलट असते. त्याला वेतन दरमहा द्यावे लागते आणि बिलाचे पैसे मागाहून येतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने अशा देण्यासाठी कमाल ४५ दिवसांची मुदत घातली आहे. सहकारी संस्थेच्या अध्यक्षावर निवडणुकीचा व वार्षिक सभेतील जाहीर जाबजबाबाचा भार अधिक असतो. लहान गावात देणेकरी, घेणेकरी आणि सोयरे ही अनेकदा एकच माणसे असतात. त्यामुळे मन मोकळे करण्यास जागा उरत नाही.

पर्यायी नेतृत्व

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. त्यांच्यानंतर त्यांच्या बंधूंनी उद्योगसमूह चालवला. हे मानसिक आजाराचे उदाहरण नव्हे. तथापि, प्रमुख व्यक्ती दूर झाली तरी काम सुरू राहील अशी व्यवस्था का हवी, हे त्यावरून कळते. अशी व्यवस्था नसलेला मालक आजारपणातही रजा घेऊ शकत नाही.

निगा

* घरखर्च आणि व्यवसाय यांची खाती वेगळी ठेवणे
* देण्या-घेण्याचे साप्ताहिक वेळापत्रक लिहून काढणे
* सही व खरेदीचे काही अधिकार विश्वासू सहकाऱ्याकडे सोपवणे
* आठवड्यातील एक दिवस व झोपेची वेळ कामापासून राखून ठेवणे
* व्यवहारात गुंतलेली नाही अशा एखाद्या व्यक्तीशी नियमित बोलणे
* मोठे निर्णय थकव्याच्या वा नशेच्या अवस्थेत न घेणे

हे उपाय ताण हलका करतात, परंतु आजार असल्यास ते उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत.

कायदेशीर तरतुदी व साहाय्य

कामगारविषयक कायदा कामगाराला साप्ताहिक सुटी देतो आणि राज्य कामगार विमा योजना पात्र कर्मचाऱ्याच्या उपचारांची सोय करते. स्वतः मालकाला यांपैकी कशाचेही संरक्षण नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मात्र सर्वांना लागू आहे. उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क तो देतो आणि मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच वैद्यकीय विम्याची तरतूद करण्यास विमा कंपन्यांना बांधून घेतो. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने विकल मनाची ठरत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो. ‘डॉक्टरकडे गेलो तर सहीला किंमत राहणार नाही’ ही उद्योजकांमधील भीती त्यामुळे निराधार ठरते.

केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तत्काळ जवळच्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

हेही पहा

* नैराश्य
* वालचंदनगर
* सहकारी साखर कारखाना
* मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७