कोसंबींचा तराजू

आमच्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात चांदीचे रुपये होते. वाटण्या झाल्या तेव्हा त्यातले एकोणीस माझ्याकडे आले. काही व्हिक्टोरिया राणीचे, बाकीचे पंचम जॉर्जचे. पुढे घरात अडचण आली तेव्हा मी ते सराफाकडे घेऊन गेलो. माझी समजूत अशी, की रुपया तो रुपया. सराफाने मात्र ते मोजले नाहीत, एकेक करून तराजूत टाकले. टाकसाळीतून निघताना दोन्हींचे वजन एकच, एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. आता राणीचे रुपये बहुतेक हलके भरत होते. सराफ म्हणाला, "मास्तर, राणीचे जास्त हिंडलेत."

मी इतिहासाचा शिक्षक, पण नाण्याच्या झिजेतून काळ वाचता येतो हे मला त्या दिवशी सराफाने शिकवले. खरे तर ते मला आधीच ठाऊक असायला हवे होते. 1940 च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने याच साध्या गोष्टीवर शास्त्रीय लेख लिहिले होते. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा उल्लेख आला की आपल्याकडे त्यांच्या विषयांची यादी वाचून दाखवण्याची पद्धत आहे. गणित, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत, पुरातत्त्व, इतिहास. यादी संपली की 'अष्टपैलू' हा शब्द येतो आणि टाळ्या पडतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही. त्यात माणूस सर्कशीतल्यासारखा एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर उड्या मारतो असे वाटते. एवढे निरनिराळे विषय एका माणसाच्या हाती लागले कसे, हा प्रश्न तसाच राहतो.

विद्या घरचीच होती. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने गोव्यातले घर सोडून निघाले आणि पालीचे जगन्मान्य पंडित झाले. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र पुष्कळांनी वाचले असेल. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणे आले आणि 1918 मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत नेले. पुढे मुलगा हार्वर्डमध्येच शिकला. बर्कहॉफ या थोर गणितज्ञांनी त्याला गणितावरच लक्ष दे असे सुचवले होते म्हणतात. त्याने ते ऐकले नाही, भाषांपासून इतिहासापर्यंत दिसेल तो वर्ग केला आणि 1929 मध्ये उत्तम श्रेणीत पदवी घेऊन तो हिंदुस्थानात परतला.

नाण्यांकडे ते वळले ते संख्याशास्त्रासाठी. ते शास्त्र कागदावर शिकण्यापेक्षा एखादा खरा प्रश्न घेऊन शिकावे, असा त्यांचा विचार होता. तक्षशिलेला 1924 मध्ये आहत नाण्यांचा एक मोठा साठा सापडला होता. आहत नाणी म्हणजे चांदीचे ठसे मारलेले तुकडे. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. सूर्य, झाड, टेकडी, हत्ती असली चिन्हे तेवढी दिसतात. साठ्यात अलेक्झांडरची दोन नाणी होती, त्यामुळे तो साधारण केव्हाचा हे कळत होते. पण आतल्या हजारभर तुकड्यांमध्ये आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे कोण सांगणार?

कोसंबींचा तर्क सराफाचाच होता, फक्त तो त्यांनी गणितात मांडला. साठा पुरला तो एकाच वेळी. तेव्हा त्यातली जी नाणी सरासरीने जास्त झिजलेली, ती जास्त वर्षे चलनात होती, म्हणून जुनी. एकटेदुकटे नाणे काही सिद्ध करत नाही. एक कंजूषाच्या मडक्यात पडून राहते, दुसरे रोज बाजारात फिरते. म्हणून चलनातला काळ वाढतो तशी नुसती सरासरी घटत नाही, वजनांमधला फरकही वाढत जातो. हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी त्या काळी चलनात असलेली हजारो नाणी तराजूत घातली. चार-पाच आकडी संख्येच्या या कामातला कंटाळा ज्याने एकदा तरी परीक्षेचे पेपर तपासले आहेत त्यालाच कळेल.

त्यातून एक देखणी गोष्ट बाहेर आली. या नाण्यांच्या पाठीमागे बारीक बारीक ठसे असतात. कोसंबींनी दाखवले, की पाठीवरचे ठसे जितके जास्त तितके सरासरी वजन कमी. म्हणजे हे ठसे टाकसाळीतले नव्हेत. नाणे हातोहात फिरत असताना ठरावीक काळाने ते तपासून कोणीतरी मारलेले, बहुधा व्यापाऱ्यांनी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाजारातला सराफ असा आकड्यांतून उभा राहिला. कोणत्या चिन्हांची नाणी कोणत्या राजाची, याबद्दलचे त्यांचे निष्कर्ष पुढच्या नाणकतज्ज्ञांनी सगळे काही स्वीकारले नाहीत. झीज मोजायची पद्धत मात्र राहिली.

पुढचा प्रश्न आपोआप आला. नाणी पाडणारे हे राजे कोण? पुराणांतल्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. मग मूळ ग्रंथ स्वतः वाचणे आले, म्हणजे संस्कृत आले. भर्तृहरीची शतके त्यांनी हाती घेतली आणि तिथेही ते मोजायलाच बसले! भर्तृहरीच्या नावावर लोकांनी शतकानुशतके आपापले श्लोक घुसडलेले. कोसंबींनी ठिकठिकाणच्या शेकडो हस्तलिखितांची माहिती जमवली आणि कोणता श्लोक किती पोथ्यांत, कोणत्या प्रांतात येतो ते पाहिले. 1948 मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती निघाली. तीत साडेआठशेच्या वर श्लोक आहेत आणि बहुतेक पोथ्यांत सापडणारे म्हणून पहिल्या गटात ठेवलेले फक्त दोनशे. नाण्याची झीज आणि पोथीतली भर, दोन्ही काळाचीच कामे. पुण्यात भांडारकर संस्थेत तेव्हा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते, त्यामुळे या कामाला गाव पोषक होते. पुढे 1957 मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी 'सुभाषितरत्नकोश' संपादित केला.

ग्रंथही पुरेनात, तेव्हा पाय निघाले. पुण्याभोवतीच्या टेकड्या, देहू-कार्ल्याचा परिसर, पंढरीच्या वाटा त्यांनी हातात काठी घेऊन तुडवल्या. गावाबाहेरच्या म्हसोबा-म्हातोबाच्या आणि आयांच्या ठाण्यांजवळ त्यांना पुन्हा पुन्हा अश्मयुगीन माणसाची बारीक गारगोटीची पाती सापडत होती. देव तिथेच का बसला? त्यांचे म्हणणे असे, की शेती येण्यापूर्वी गुरेमेंढरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जिथे मिळत तिथली ही ठाणी. लोक बदलले, देवांची लग्ने लागली, शेंदूर टिकला. 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात हे सगळे आहे. वाकडच्या म्हातोबाचे बगाडही त्यात आहे.

इथे थोडे माझे सांगतो. हे पुस्तक वाचून मीही विद्यार्थी असताना जुन्या वाटा आणि देवस्थाने असा विषय प्रबंधासाठी मांडला होता. मार्गदर्शक म्हणाले, "हा इतिहास की समाजशास्त्र की भूगोल? एक काय ते ठरवा." मी ठरवले. एका तालुक्याच्या पेशवेकालीन महसुलावर पाच वर्षे घालवली. ते काम वाईट झाले नाही. पण जत्रांच्या नोंदींच्या माझ्या दोन वह्या तशाच राहिल्या, आणि ज्यांच्या तोंडून त्या लिहून घेतल्या होत्या ती म्हातारी माणसे आता नाहीत.

तरी मार्गदर्शकांची भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. परक्या वावरात शिरणाऱ्याचा पाय घसरतोही. कोसंबींचा घसरला तो गंमत अशी, की स्वतःच्याच वावरात. रीमानचे गृहीतक हा गणितातला सर्वांत अवघड समजला जाणारा प्रश्न संभाव्यतेच्या वाटेने सुटतो असा दावा त्यांनी केला आणि 1959 मध्ये तो लेख छापला कुठे, तर शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी ती सिद्धता मानली नाही. नाव खराब झाले ते झालेच. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे पाहा, असे ते अणुऊर्जेच्या भरात बोलत होते, तेही अनेकांना रुचत नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून गेले होते. तिथला त्यांचा करार 1962 मध्ये पुढे वाढवला गेला नाही. 29 जून 1966 ला पुण्यात झोपेतच ते गेले, तेव्हा साठीही उलटली नव्हती.

आनुवंशिकीतले त्यांचे काम मी मुद्दाम मागे ठेवले, कारण ते मला उशिरा समजले. समजावले ते माझ्या पुतणीने. ती भाताच्या वाणांवर संशोधन करते. जनुके गुणसूत्रावर ओळीने असतात, रस्त्यावरच्या गावांसारखी. पुढच्या पिढीत दोन गुण किती वेळा एकमेकांपासून सुटतात, यावरून त्यांतले अंतर काढतात. पण मधे दोनदा अदलाबदल झाली तर दोन्ही पुन्हा एकत्र दिसतात आणि अंतर खरे असते त्याहून कमी वाटते. ही चूक दुरुस्त करणारे एक सूत्र कोसंबींनी दिले, ते 1944 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पिकांचे जनुकीय नकाशे करताना आजही वापरतात. पुतणीच्या संगणकात त्याचे नावच 'कोसंबी' आहे. ती ते वर्षानुवर्षे निवडत आली होती. हा कोणी इटालियन किंवा जपानी माणूस असावा अशी तिची समजूत.

मी कपाटातून 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' काढून तिच्या हातात दिले. तिने मुखपृष्ठावरचे नाव दोनदा वाचले. "काका, हे तेच?" मग विचारले, "यांचा मूळ विषय कोणता?" मी तिला नाण्यांची गोष्ट सांगायला बसलो, आजीच्या डब्यापासून. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे. मागच्या चैत्रात तिचा फोन आला, वाकडचे बगाड कोणत्या तिथीला असते म्हणून. मी जुनी वही शोधून तिला तिथी सांगितली.