खंगणं म्हणजे म्हातारपण नव्हे

इतिहास म्हटला की आपण लढाया आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आज मी आजारी माणसाच्या अंथरुणाचा इतिहास सांगणार आहे, आणि सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आम्ही इंदूरचे मराठी. दोन वर्षांपूर्वी माझे वडील न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण आम्ही सगळे घाबरलो. "बाबा, तुम्ही उठू नका, सगळं हातात देतो," असं म्हणत चहा, पाणी, जेवणाचं ताट, सगळं पलंगावर देऊ लागलो. तीन महिन्यांत अशी वेळ आली की त्यांना खुर्चीतून एकट्याने उठता येईना. येणारे-जाणारे म्हणायचे, "एक्याऐंशी वय झालं, आता चालायचंच." मलाही ते पटत होतं. ही समजूत किती जुनी आहे आणि ती कोणी मोडली, हे मी नंतर वाचलं.

न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ साली वृद्धांच्या वैद्यकाला 'जेरियाट्रिक्स' हे नाव दिलं. मुलांसाठी जशी बालरोगशाखा, तशी म्हाताऱ्यांसाठीही वेगळी शाखा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. नाव मिळालं, तरी रुग्णालयांत लगेच फारसं काही बदललं नाही.

बदल दिसला तो १९३५ नंतर, लंडनच्या पश्चिमेला. तिथल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या वर्कहाउसचा दवाखाना ताब्यात घेतला. वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात अन्न आणि आसरा देणारी सरकारी जागा. दवाखान्यात ७१४ रुग्ण होते. त्यांत वृद्धांचा भरणा होता आणि कित्येक जण वर्षानुवर्षं अंथरुणावर होते. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली.

वॉरनबाईंनी आधी एकेकाला नीट तपासलं. कोणाला पक्षाघात होता, कोणाचं हृदय दुबळं झालं होतं, आणि काहींना तर पडून राहण्यानेच आलेला अशक्तपणा होता. त्याप्रमाणे त्यांनी रुग्णांचे गट पाडले. भिंती रंगवून घेतल्या, उजेड वाढवला, धरून चालायला कठडे बसवले आणि माणसांना उठवून बसवायला, चालवायला सुरुवात केली. अनेक जण घरी गेले. पुढे ७१४ खाटांऐवजी साधारण २४० खाटा पुरू लागल्या.

यात जादू काही नव्हती. आपला स्नायू वापरला नाही की झिजतो. ताकद गेली की हालचाल कमी होते, भूक मंदावते, खाणं घटतं आणि स्नायू आणखी झिजतो. हे चक्र फिरत राहिलं की शरीराची शिल्लक संपते. मग साधा ताप किंवा एखादं छोटं ऑपरेशनही जड जातं. मधुमेह, हृदयरोग, उदासपणा हे या चक्राला वेग देतात आणि हे चक्र त्या आजारांना बळ देतं.

१९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतही स्नायू ऐकतो, हे त्यातून दिसलं.

२००१ मध्ये अमेरिकेच्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी या अवस्थेची, म्हणजे 'फ्रेल्टी'ची, पाच लक्षणं मांडली: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, कमी झालेली हालचाल, मंदावलेली चाल आणि सैल पडलेली हाताची पकड. तीन किंवा अधिक असली तर फ्रेल्टी. एक-दोन असली तर ती वाटेवर आहे असं समजायचं. अशा माणसांना पडण्याचा, रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा आणि मृत्यूचाही धोका जास्त असतो. सत्तरीचा एखादा या यादीत बसतो आणि पंच्याऐंशीचा एखादा बसत नाही. म्हणजे वय एक आणि खंगणं दुसरं.

आपल्याकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तरी अजून आपल्या घराघरांत "वय झालं" हेच निदान चालतं.

बाबांना आम्ही उशिरा का होईना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषधांची यादी तपासली, रक्त तपासलं, दात पाहिले. बाबांना नीट चावता येत नव्हतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं! मग ताटात डाळ, दही, अंडं वाढलं आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी दोनदा, तेही आधार घेऊन. आज ते काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. पूर्वीसारखे मंडईत जात नाहीत आणि बहुधा जाणारही नाहीत. ते तीन महिने आम्हीच, मायेपोटी, त्यांच्याकडून घेतले.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. घरातल्या आजी-आजोबांच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी विचारा, "तुम्ही उठून घेता का? मी शेजारी उभा आहे."

पुढच्या भागात भेटू.