जात्याची घरघर म्हणजे 'नॉइज' नव्हे

१९३३ च्या उन्हाळ्यात जॉन लोमॅक्स नावाचे पासष्टीचे गृहस्थ आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन एका फोर्ड गाडीतून अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडत होते. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांना लोकगीतं गोळा करायची होती. गाडीच्या डिकीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. त्याचं वजन ३१५ पौंड, म्हणजे साधारण १४३ किलो. त्या काळात याला 'पोर्टेबल' म्हणायचे! हे धूड घेऊन बापलेक शेतमळ्यांवर आणि तुरुंगांत गेले. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना हडी लेडबेटर नावाचा कैदी भेटला. पुढे 'लेडबेली' म्हणून जगाने ज्याला ओळखलं तो हाच. त्याला स्टुडिओत कुणी बोलावलं नव्हतं. यंत्र त्याच्या गजांपर्यंत गेलं म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो.

१४३ किलोचा हा आकडा मी वाचला तेव्हा मी स्वतः एक छोटा डिजिटल रेकॉर्डर घ्यायच्या विचारात होते. माझ्या आईची आत्या, आम्ही तिला जिजी म्हणतो, भोर तालुक्यात राहते. वय ऐंशीच्या पुढे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात हे तिलाही सांगता येत नाही, कारण ओव्या मोजायच्या असतात हेच तिला पटत नाही. कोणतं मॉडेल घ्यावं याचा शोध घेता घेता मी या यंत्रांच्या इतिहासात शिरले. रेकॉर्डरची निवड ही निव्वळ बजेटची गोष्ट नसते, हे तिथे कळलं. यंत्र कुणाच्या दारापर्यंत पोचतं आणि पोचल्यावर कशाला 'आवाज' मानतं, यावर कोण मागे उरणार हे ठरत आलं आहे.

गाणाऱ्याने यंत्राकडे जायचं

एडिसनने फोनोग्राफ बनवला १८७७ साली. तो घेऊन स्टुडिओबाहेर पडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक म्हणजे जेसी वॉल्टर फ्यूक्स. मार्च १८९० मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात जाऊन त्याने पासमाक्वोडी या मूलनिवासी समाजातल्या लोकांची गाणी आणि गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतल्या. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावत. गोष्ट लांबली तर यंत्र तिच्यासाठी थांबत नसे.

आपल्याकडे १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. तीन मिनिटांत ख्याल बसवायचं कसब तिच्याकडे होतं. शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायची तिची पद्धतही प्रसिद्ध आहे. त्यानंतर जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा भाग म्हणून १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातल्या अनेक भाषा-बोलींच्या तबकड्या निघाल्या. हा ठेवा मोलाचाच आहे. पण या सगळ्या मांडणीत एक अट होती. जिथे यंत्र मांडलेलं असेल तिथे माणसाने जायचं, आणि ठरलेल्या वेळात ठरलेलं बोलायचं किंवा गायचं.

आता या अटीत ओवी बसवून बघा. ओवी म्हटली जायची पहाटे, घर झोपलेलं असताना, पीठ पडत असताना. श्रोते नाहीत, मंच नाही. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद हीच काय ती साथीदार. ती बाई जातं उचलून शहरात जाणार नव्हती, आणि १४३ किलोचं यंत्र डोंगरातल्या तिच्या घरापर्यंत येणार नव्हतं. शतकानुशतकं गायलं गेलेलं हे काव्य ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काही दशकांत जवळपास ऐकूच आलं नाही, यात नवल ते काय?

खांद्यावर, मग खिशात

पुढची गोष्ट वजन उतरण्याची आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्टीफन कुडेल्स्कीने १९५१ मध्ये 'नागरा' हा टेप रेकॉर्डर बाजारात आणला. त्याच्या मातृभाषेत, पोलिशमध्ये, या शब्दाचा अर्थ 'तो रेकॉर्ड करील' असा होतो. १९५८ साली आलेला नागरा-३ खांद्याला लटकवून एकटा माणूस हिंडू शकत होता. रेडिओवाले, सिनेमावाले आणि लोकसंगीताचे अभ्यासक अशा सगळ्यांनीच तो आपलासा केला. मात्र किंमत अशी, की तो संस्थेचा असे, घरचा नसे.

घरात शिरली ती कॅसेट. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती दाखवली. लू ओटेन्स या तिच्या कर्त्याने आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा बनवून घेतला होता. यंत्र केवढं असावं हे त्या ठोकळ्यावरून ठरलं! आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटने बाजार उलटापालटा केला. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाहिलं नसतं अशी भीमगीतं, भारुडं, कीर्तनं गावोगाव वाजू लागली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कितीतरी वस्त्यांत कॅसेटवरूनच पोचला. शिवाय टेपरेकॉर्डरवर लाल खुणेचं एक बटण होतं. ते दाबलं की ऐकणारा माणूस रेकॉर्ड करणारा होई. अनेक घरांत आजोबांचा आवाज एखाद्या सिनेमाच्या गाण्यांवर चढवलेला सापडतो तो या बटणामुळे. आणि कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली वेळीच न मोडल्याने त्याच आजोबांवर पुढे क्रिकेटची कॉमेंट्रीही चढलेली असते.

लाखभर ओव्या, १२० तास

जात्यापर्यंत नेटाने पोचलेलं काम मात्र पुण्यात उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून, गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने, जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. हजारावर गावं, तीन हजारांवर गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या एवढा हा संग्रह झाला. त्यांत सीता आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत, माहेर आहे, दारुडा नवरा आहे आणि लेकीच्या जन्माबद्दलची बोचही आहे.

यातलं बहुतेक काम हाताने लिहून झालं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संगणकतज्ज्ञ या कामात आले, ओव्यांचा डेटाबेस तयार झाला आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली असाच टिपला गेला. एकूण ध्वनिमुद्रण झालं १२० तासांहून थोडं अधिक. आज त्या संग्रहातल्या ओव्या 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर फोनवरूनही ऐकता येतात.

मी या दोन आकड्यांपाशी बराच वेळ अडकले. लाखभर ओव्या कागदावर आणि १२० तास आवाज. कागदावरची ओवी दोन ओळींची असते. गाताना तीच ओवी ओळ पुन्हा घेते, मध्ये 'गं बाई' घालते, एक शब्द लांबवून दम घेते. गळा बदलतो, चाल बदलते. म्हणजे लिहिलेल्या लाखभर ओव्यांपैकी पुष्कळांचे शब्द आपल्याकडे आहेत, पण त्या कशा म्हटल्या जात ते आता कुणी सांगू शकणार नाही.

त्या काळचं उत्तम फिरतं डिजिटल तंत्रज्ञान म्हणजे डॅट, अर्थात डिजिटल ऑडिओ टेप. १९८७ मध्ये ती आली आणि २००५ मध्ये सोनीने तिचे रेकॉर्डर बनवणंच थांबवलं. जिच्यावर भरवसा ठेवला ती टेप वाजवायला वीस वर्षांत यंत्र मिळेनासं झालं. डिजिटल म्हणजे कायमचं, असं मानणाऱ्या आपल्या पिढीने हे लक्षात ठेवायला हवं.

फोन आहे की!

मग टेपच गेली. २००६ च्या सुमारास मेमरी कार्डावर लिहिणारे हातातले रेकॉर्डर रुळले आणि २०१० मध्ये झूमचा एच१ आला. बॅटरी धरूनही वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. १४३ किलोपासून इथवर यायला ७७ वर्षं लागली.

'पण फोन आहे की,' असं मला घरात सगळ्यांनी सांगितलं. प्रश्न रास्त होता, म्हणून मी जिजीकडे फोन आणि मैत्रिणीकडून आणलेला रेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर एकच दळण टिपलं. आधी जिजी नुसतीच बसून गायला तयार नव्हती. "खुंटा हातात नसला की तोंडाला येत नाही गं," म्हणाली. शेवटी माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, मूठभर ज्वारीची वैरण घातली आणि जात्याचा दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत ओवी आली.

रात्री हेडफोन लावून दोन्ही ऐकलं. फोनवर जिजीचे शब्द स्पष्ट होते, पण जातं कुठे होतं? ती गात असताना घरघर मागे मागे जात होती. ती थांबली की सगळं पाण्यात बुडाल्यासारखं होई. लांबवलेल्या स्वराचं शेपूटही मध्येच कापलं गेलं होतं. यात फोनचा दोष नाही. तो कॉलसाठी घडवलेला आहे. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रस्ता, तो काढून टाकायचा आणि बोलणं पुढे आणायचं, हे त्याला शिकवलेलं आहे. ओवीला तंबोरा नसतो, तबला नसतो. जे काही असतं ते जातंच. फोनने नेमकं तेच गोंगाट समजून पुसलं.

रेकॉर्डर असा निर्णय परस्पर घेत नाही. म्हणून मी तो घेतला.

घेताना, वापरताना

दुकानात मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली, कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल बनते का. एमपी३ जागा वाचवते, पण फेकलेलं परत देत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ या हिशेबाने तासाला साधारण एक जीबी लागतो. ३२ जीबीच्या कार्डात तीस तास बसतात. एवढ्यासाठी कंजुषी कशाला? दुसरी, हेडफोनची जागा आहे का. आपण कानाने ऐकतो ते आणि माइक ऐकतो ते वेगळं असतं. तिसरी, साध्या पेन्सिल सेलवर चालतो का. ते गावच्या किराणा दुकानात मिळतात. चौथी, आवाजाची पातळी हाताने ठरवता येते का. अलीकडे ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर निघालेत. त्यांत पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. मी २४ बिटवर भागवलं. सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढं पाहिलं, की अचानक चढलेल्या आवाजालाही जागा उरते.

बाकीची कामं यंत्राच्या बाहेरची. जात्याची थरथर जमिनीतून माइकमध्ये चढते, म्हणून रेकॉर्डर चौघडी केलेल्या टॉवेलवर ठेवला. खालचे सूर कापणारा लो-कट फिल्टर बंद ठेवला, कारण ते सूर जात्याचे होते. पंखा आणि फ्रिज बंद केले. माइक जिजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, तिच्याकडे तोंड करून. अंतर दुप्पट झालं की गळ्याचा आवाज ६ डेसिबलने घसरतो. खोलीचा गोंगाट मात्र जागचा हलत नाही. सुरुवातीला मी तारीख, गाव, तिचं नाव आणि माहेरचं नाव बोलले. शेवटी अर्धा मिनिट कुणीच काही बोललो नाही, नुसती खोली टिपली. दोन ओव्यांच्या मध्ये बटण बंद केलं नाही. 'ही सासूकडून आली', 'ही धाकट्या भावासाठी, तो आता नाही' ही वाक्यं तिथेच येतात. कागदावर उतरवताना नेमकी तीच गळतात.

आणि विचारायचं. फ्यूक्सच्या नळकांड्यांच्या प्रती पासमाक्वोडी लोकांपर्यंत पोचायला जवळपास नव्वद वर्षं लागली. तोवर गाणारे गेले होते आणि ऐकणाऱ्यांना शब्दांचा मागोवा घ्यावा लागला. मी जिजीला विचारलं, हे कुणाकुणाला ऐकवू? तिने दोन ओव्या बाजूला काढायला सांगितल्या. त्या तिच्या नणंदेबद्दल होत्या आणि नणंदेची मुलं गावातच आहेत. त्या दोन ओव्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, कुणाला पाठवलेल्या नाहीत. बाकीच्यांच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्हवर जिजीच्या लेकीकडे.

तुमच्या घरात अशी कुणी जिजी असेल तर रेकॉर्डर उसना मिळतो का बघा. नाही मिळाला तर फोनच न्या. मात्र वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारं आणि नॉइज कमी करण्याची सोय बंद करू देणारं ॲप टाकून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि आधी घरच्या मिक्सरशेजारी एकदा चाचणी घ्या. जातं माळ्यावर असेल तर ते खाली काढायला दोन माणसं लागतात, हेही ध्यानात असू द्या.