दिवाणखान्यातील वेल

वेल म्हटली की आपल्याला मांडव आठवतो. परसात दोडक्याचा मांडव, दारापुढे जाईजुईचा, फार तर ओसरीच्या खांबावर चढवलेली कृष्णकमळाची वेल. आपल्याकडे वेलीची जागा उंबऱ्याबाहेर. घरात येतात ती तिची फुले, वेल नव्हे. कुंडी दिवाणखान्यात ठेवायची आणि भिंतीवरून, खिडकीवरून, तसबिरींभोवती वेल फिरवायची, ही हौस मूळची थंड मुलखातली. आणि तिथेही ती सर्रास पसरली ती गेल्या दोनशे वर्षांतच.

या हौशीचा उगम पाहायचा तर जर्मन मुलखात जावे लागते. १८१५ साली नेपोलियनची युद्धे संपली. राजेरजवाडे परत गादीवर बसले आणि १८१९ साली कार्ल्सबादच्या फर्मानांनी छापखान्यांवर आणि विद्यापीठांवर पहारे बसले. चारचौघांत बोलायची चोरी झाली. मग मध्यम वर्गातला माणूस काय करणार? तो घरात वळला. खिडकीजवळचा एक कोपरा, तिथे लाकडाची लांबट पेटी, पेटीत माती, मातीत उभी केलेली कामट्यांची ताटी आणि ताटीवर चढवलेली आयव्ही. त्या हिरव्या आडोशामागे एक टेबल, दोन खुर्च्या. घरातल्या बाईने तिथे शिवणटिपण करावे, पुरुषाने पुस्तक वाचावे. याला ते लोक ‘त्सिमरलाउबे’ म्हणत, म्हणजे खोलीतला मांडव! बागेतला मांडव घरात आणला तो असा.

त्याच्या थोडे आधीचे, १८१२ सालच्या सुमाराचे, केर्स्टिंग या चित्रकाराचे एक चित्र आहे. खिडकीशी बसून एक तरुणी भरतकाम करते आहे, आणि भिंतीवर एका पुरुषाच्या तसबिरीभोवती फुलांची वेल गुंफलेली आहे. चित्रातली स्त्री म्हणजे लुइझं झाइडलर, स्वतः चित्रकार. तिचा वाग्दत्त वर फ्रेंच सैन्यात डॉक्टर होता. तो स्पेनमध्ये वारला. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आपल्या लोकांना ती वेल निराळी समजावून सांगायला नको.

रशियातल्या सरदारांच्या घरांतही अशाच ताट्या आल्या. ताटीला तिकडे फ्रेंच शब्दावरून ‘त्रेल्याझ’ म्हणत. पुढे वेल गेली, ताटी गेली, आणि तोच शब्द तीन पाखांच्या आरशाला चिकटला. शब्दसुद्धा वेलीसारखे, एक आधार सुटला की दुसरा धरतात.

बरं, सगळीकडे आयव्हीच का? कारण ती रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी वेल. उजेड कमी, थंडी फार, पाण्याची हयगय, सगळे सोसते. तिच्या खोडाला बारीक मुळ्यांचे झुपके फुटतात आणि त्यांनी ती भिंत धरते. दिवाणखान्यात हा गुण अवगुणच ठरायचा. वेल ओढून काढली की गिलाव्यावर आणि भिंतीच्या कागदावर तिच्या खुणा राहायच्या. म्हणून तिला तारेवर, दोरीवर, ताटीवर चढवायचे.

इंग्लंडात गोष्ट वेगळी घडली. तिथे शत्रू होता धूर. लंडनच्या पूर्व भागात, गोद्यांजवळ, नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना नेचे लावायची फार आवड; पण काजळीने एक नेचा जगेल तर शपथ. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून काचेच्या बरणीत बंद करून ठेवला. पतंग कसा बाहेर येतो ते पाहायचे होते. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताची काडी वर आली. दिवसा पाण्याची वाफ होऊन काचेवर जमायची आणि परत मातीत उतरायची. वरून थेंबभर पाणी न घालता ती दोन रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. शेवटी डॉक्टर बाहेरगावी असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे कुजली.

एवढ्यावरून वॉर्डसाहेबांनी काचेच्या बंद पेट्या करवल्या. १८३३ साली रोपांनी भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या उघड्या डेकवर ठेवून सिडनीला पाठवल्या. रोपे टवटवीत पोचली. परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियाची झाडे आली. वाटेत डेकवर बर्फ पडले, पुढे विषुववृत्ताचे ऊन लागले, तरी ती जगली. १८४२ साली वॉर्डनी यावर पुस्तक लिहिले. १८४५ साली काचेवरचा कर उठला, १८५१ साली खिडक्यांवरचाही उठला, आणि मग काचेची पेटी दिवाणखान्यात मिरवू लागली.

याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, आणि १८६० नंतर ज्या सालीपासून कोयनेल होते तो सिंकोना नीलगिरीच्या डोंगरात आला. दिवाणखान्यात बाईसाहेबांनी कौतुकाने ठेवलेली पेटी आणि कंपनी सरकारची मळ्यांची पेटी या सख्ख्या बहिणी. एकीचा इतिहास सांगताना दुसरीला विसरणे मला बरे वाटत नाही.

पण पेटीत वेल किती मावणार? ती बाहेरच हवी. आणि बाहेर होता गॅसचा दिवा. दगडी कोळशाच्या वायूचे दिवे शहरातल्या घरांतून आले, त्यांनी छत काळे केले आणि कोवळ्या झाडांची पाने गाळली. त्यातून टिकली ती आयव्ही आणि आणखी दोन-चार चिवट झाडे. तेव्हा त्या काळातली वेलीची सगळी सजावट ही एका परीने तडजोड होती. शर्ली हिबर्ड नावाच्या बागकामाच्या लेखकाने १८५६ साली घरसजावटीवर एक जाडजूड ग्रंथ काढला आणि १८७२ साली नुसत्या आयव्हीवर दुसरा! लोकांनी काय काय करावे? जस्ताचा पत्रा ठोकलेल्या पेटीला चाके लावायची, वर तारेची जाळी उभी करायची, जाळीभर आयव्ही पसरली की झाला सरकता पडदा. एका खोलीच्या दोन खोल्या करायला उपयोगी. उन्हाळ्यात शेकोटी विझलेली असते, तिचे काळे तोंड वेलीने झाकायचे. खिडकीच्या दोन्ही अंगांनी वेल चढवून वर कमान करायची. तसबिरीच्या मागे पाण्याची लहानशी बाटली लपवून तिच्यातली फांदी चौकटीवरून सोडायची. छताला शिंके टांगून त्यातून वेल खाली लोंबती ठेवायची. आणि या सगळ्यावर धूळ बसायची ती पुसायची कोणी? ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे काम घरच्या बाईकडे, नाही तर मोलकरणीकडे. ग्रंथात सजावट दोन ओळींत होते. पाने मोजायला मात्र कोणी बसत नाही.

पुढे विजेचा दिवा आला, खोल्या गरम राहू लागल्या, आणि थंडी आवडणाऱ्या आयव्हीला ती ऊब मानवेना. तिची जागा उष्ण मुलखातल्या वेलींनी घेतली. त्यातली एक आपण सगळे ओळखतो: मनी प्लांट. मुंबईच्या चाळीत अंगण नाही, माती नाही, पण खिडकीच्या गजाला तारेने बांधलेली पाण्याची बाटली आहे आणि त्यात ही वेल आहे. दुसऱ्याच्या घरून न विचारता आणलेलीच लागते म्हणे! तसबिरीमागच्या त्या बाटलीची ही नातच समजा.

१८८० साली बेल्जममध्ये या वेलीचे पहिले शास्त्रीय नाव छापले गेले. ती सॉलोमन बेटांची असे तेव्हा मानले गेले. म्हणून इंग्रजीत तिला त्या बेटांची आयव्ही असेही नाव पडले. खरे मूळ गाव ताहितीशेजारचे मोरेआ बेट. ही वेल सहसा फुलतच नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तर फुलावरून जात ओळखतात. त्यामुळे तिचे गोत्र ठरायला १९६४ साल उजाडले. ती का फुलत नाही याचा उलगडा २०१६ साली झाला. फुलायला लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य तिला स्वतः तयार करता येत नाही. संशोधकांनी ते बाहेरून फवारले, तेव्हा कळ्या आल्या.

आता टांगायची की चढवायची, हा प्रश्न. शोभेला दोन्ही चांगले. पण वेलीला ते सारखे नाही. शिंक्यातून खाली सोडली की तिची पाने तळहाताएवढीच राहतात, कितीही वर्षे गेली तरी. ओलसर शेवाळ गुंडाळलेली काठी दिली, मुळ्यांना धरायला काही मिळाले, की वर जाताना प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठे निघते. आयव्हीचेही काहीसे असेच. घरात तिची पाने कोनाकोनांची राहतात. बाहेर भिंतीच्या माथ्यावर, भरपूर उजेडात पोचली की पाने सरळ कडांची होतात आणि मग फुले धरतात. दिवाणखान्यात जिची शोभा आपण पाहतो ती वेल बहुधा जन्मभर बालवयातच असते.

श्रीलंकेत आणि हवाई बेटांत ही मनी प्लांट बागांतून निसटून रानात शिरली आहे आणि तिथल्या झाडांना उपद्रव देते आहे. तिथे ती साठ-साठ फूट चढते. पाने हात-दीड हात लांब, कडेला फाटलेली. खाली उभे राहून वर पाहणाऱ्याला, ही आपल्या खिडकीतल्या बाटलीतली वेल, हे सांगूनही पटत नाही.